चुकीचा गॉर्न



आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आलेली माणसं बेसमेंटात उतरली की दोनपैकी एक प्रश्न ठरलेला असतो. कुणीतरी विचारतं, "ह्याची किंमत वाढते का रे?" आणि कुणीतरी कौतुकाने म्हणतं, "मुलीची खेळणी वाटतं!" मुलीला त्यात काडीचा रस नाही. किमतीचं म्हणाल तर त्याचं उत्तर मला २०२३ साली सक्तीने शोधावं लागलं. ते पुढे येईलच.

तर, माझ्याकडे बाहुले आहेत. वीतभर उंचीचे, कापडी कपडे घातलेले, अंतराळातल्या टीव्ही मालिकांमधले. कर्क, स्पॉक, ऊहूरा, सुलू वगैरे. आई त्यांना सरळ "बाहुल्या" म्हणते आणि तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर आहे. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो बाजारात आणला तेव्हा अमेरिकन मुलगे "डॉल" हा शब्द ऐकून पळतील ह्या भीतीने त्याला "ॲक्शन फिगर" असं मर्दानी नाव दिलं. गेली साठ वर्षं आम्ही त्या नावामागे लपून आहोत.

त्यातही मी गोळा करतो ते मुख्यतः "रेट्रो". ह्याचा अर्थ बऱ्याच लोकांना कळत नाही, म्हणून दोन ओळी. रेट्रो म्हणजे जुनी वस्तू नव्हे. आज बनवलेली, पण १९७४ साली बनवली असती तशी मुद्दाम बनवलेली. आजच्या तंत्राने नटाचा चेहरा सुरकुत्यांसकट हुबेहूब उतरवता येतो, पण इथे तो मुद्दामच थोडा ठोकळेबाज ठेवतात. कपड्याची शिवण जाड, हाताचे पंजे जरा मोठेच. पुठ्ठ्यावरचं चित्रही त्या काळातलं वाटावं असं. २०१९ मध्ये हॅस्ब्रोने स्टार वॉर्सचे असे रेट्रो बाहुले काढले तेव्हा कोऱ्या पुठ्ठ्यावर झिजलेल्या कडा आणि ओरखडे चक्क छापून दिले होते. नवी जीन्स फाडून जास्त पैशाला विकतात, त्यातलाच प्रकार. पुढे मँडलोरियन ही मालिका गाजली, तेव्हा त्यातल्या पात्रांनाही तसंच पाच सांध्यांचं जुनं रूप मिळालं. मालिका २०१९ ची, बाहुला १९७८ च्या थाटाचा! मी तो घेतला. लाज वाटत नाही.

ह्या सगळ्याचं मूळ मेगो नावाच्या न्यूयॉर्कच्या कंपनीत आहे. स्टार ट्रेक ही मालिका १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षं चालली आणि बंद पडली. पण पुनःप्रक्षेपणांत ती अशी काही लोकप्रिय झाली की १९७४ मध्ये मेगोने तिचे आठ इंची बाहुले काढले. कर्क, स्पॉक, डॉक्टर मॅकॉय, स्कॉटी, ऊहूरा आणि एक क्लिंगॉन. सोबत एंटरप्राइज यानाची ब्रिज. पुठ्ठ्यावर व्हायनल चढवलेली, घडी घालून पेटीसारखी उचलून न्यायची. तिच्यात एक गोल कपाट होतं. त्यात स्पॉकला उभा करायचा, वरची मूठ गरकन फिरवायची, की स्पॉक गायब. एवढंच ते ट्रान्सपोर्टर. बॅटरी नाही, काही नाही.

मेगोची खरी अक्कल मात्र आत होती. त्यांनी एकच अंग बनवलं. तेच अंग बॅटमॅनला, तेच स्पायडरमॅनला, तेच कर्कला. डोकं बदललं, कपडे बदलले, की नवा माणूस तयार. हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र बाबांनी समजावला.

त्याआधी गॉर्नबद्दल सांगायला हवं.

गॉर्न म्हणजे स्टार ट्रेकमधला सरड्यासारखा कप्तान. जानेवारी १९६७ मध्ये दाखवलेल्या एका भागात कर्कची आणि त्याची उजाड डोंगरात मारामारी आहे. रबरी सूट घातलेला नट इतका सावकाश हलतो की आपल्याला वाटतं, कर्कने जरा पाय उचलले तर चहा पिऊन परत येईल. तरीही मला तो भाग आवडतो. टीव्हीवरचा गॉर्न हिरवट, किड्यासारखे चमकते डोळे, अंगात एक तोकडा डगला.

१९७५ मध्ये मेगोने परग्रहवासीयांची मालिका काढली, त्यात गॉर्न आला. पण कसा? रंग तपकिरी. अंगावर क्लिंगॉनचे कपडे. आणि डोकं कुणाचं, तर स्पायडरमॅनचा शत्रू लिझर्ड ह्याचं! तो साचा कंपनीकडे आधीच होता. सरडा तो सरडा, कोण बघतंय? त्याच मालिकेत "नेपच्यूनियन" नावाचा एक प्राणीही विकला, जो स्टार ट्रेकच्या एकाही भागात नाही. कुणाच्या तरी डोक्यात आला, बनवून टाकला.

असा एक मूळचा, १९७५ चा गॉर्न मला लँबर्टव्हिलच्या बाजारात चाळीस डॉलरला मिळाला होता. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आठवा, त्याला डेलावेअर नदीकाठचं गवत आणि कॉफी जोडा, की लँबर्टव्हिल तयार. गॉर्न एका बिस्किटांच्या डब्यात पडला होता, दोन्ही पाय लोंबत. आतलं इलॅस्टिक गेलेलं. मी तसाच आणून कपाटात बसवून ठेवला. उभा राहायचा नाहीच. शेजारी नव्या मेगोचा गॉर्न. मेगो १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली होती, ती २०१८ मध्ये पुन्हा उभी राहिली आणि टार्गेटच्या दुकानांत पंधरा डॉलरच्या आसपास नवे-जुने बाहुले विकू लागली. हा नवा गॉर्न अगदी बरोबर आहे. हिरवा, डगला घातलेला, चमकत्या डोळ्यांचा. एक चुकीचा, एक बरोबर, असे दोघे शेजारी शेजारी.

२०२३ च्या वसंतात आमच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात मीही गेलो. एच-१बी वाल्यांना सांगायला नको. ६० दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही तर चंबूगबाळं आवरायचं. बायको एच-४ वर, तिला कामाची परवानगी नव्हती. आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले, त्यांना येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

मी त्यांना सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि गावच्या लायब्ररीत जाऊन बसायचो. तिथे माझ्यासारखे अजून दोघे होते, तेही आपल्याकडचेच. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो, बोलायचो नाही. अकराव्या दिवशी दुपारी आई-बाबा चालायला बाहेर पडले असतील अशा हिशोबाने मी घरी आलो आणि बेसमेंटात पांढऱ्या चादरीवर बाहुले मांडून विक्रीसाठी फोटो काढायला लागलो. मागून बाबांचा आवाज आला.

"हापीस सुटलं वाटतं लवकर."

मग सांगितलं सगळं. बाबा पायरीवर बसले. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे बंद पडली होती तेव्हा मी आठ महिने घरी होतो. तू दुसरीत होतास. तुला सेकंड शिफ्ट आहे असं सांगायचो." मला खरंच आठवत होतं ते. बाबा दुपारी घरी असतात म्हणून मी खूश असायचो.

बाबा पिंपरीला टूलरूममध्ये फिटर होते. प्लास्टिकच्या डाय दुरुस्त करणं, पॉलिश करणं, ह्यात त्यांची तीसेक वर्षं गेली. त्यांनी चादरीवरचा गॉर्न उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कुणी हात बघावा तसा त्याचा दंड बघायला लागले. "ही पार्टिंग लाइन. डाय दोन भागांत उघडते ना, तिथली रेघ. आणि ही दुसऱ्याची बघ," म्हणून कर्क उचलला. "तिथेच. हा आणि हा एकाच डायमधून निघालेत. डोकं वेगळं आहे. डोकं मऊ, आतून पोकळ, ते इंजेक्शनचं नाही."

मी गॉर्नच्या डोक्याची कथा सांगितली. लिझर्डचं डोकं, क्लिंगॉनचे कपडे, सगळं चुकीचं. मला वाटलं हसतील. बाबा अजिबात हसले नाहीत. म्हणाले, "चुकीचं काय त्यात? साचा पडून होता, तो कामाला लावला. नवा साचा करायचा म्हणजे काय असतं माहितीये का? आधी पोलाद, मग मशीन, मग माझ्यासारखा माणूस दोन-दोन आठवडे घासत बसणार. सरड्याच्या एका डोक्यासाठी कोण देतं एवढे पैसे? ज्याने कुणी हे सुचवलं तो टूलरूमचा माणूस असणार, लिहून ठेव."

खरं सांगतो, मी ह्या बाहुल्यांबद्दल इतकं वाचलंय, पण गॉर्नची चूक हा सगळीकडे विनोद म्हणूनच येतो. ती एखाद्याची हुशारी असेल हे मला कधी सुचलं नव्हतं. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कॉपी-पेस्ट फुकट असतं.

मग मला माझे लहानपणीचे फनस्कूलचे जी. आय. जो आठवले. तेही असेच. हॅस्ब्रोच्या वापरून झालेल्या डाय भारतात यायच्या आणि इथे आपल्या मनाने रंग दिले जायचे. आज अमेरिकन संग्राहक त्या विचित्र रंगांसाठी ते शोधत फिरतात. मी इथे कुणाला सांगितलं की माझ्याकडे तसले आठ-दहा होते आणि ते आईने बोहारणीला दिले, तर लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. (आई म्हणते बोहारणीला नाही, रद्दीवाल्याला. हा वाद अजून मिटलेला नाही.)

दुसऱ्या दिवसापासून बाबांना काम मिळालं आणि, खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. सकाळी मी अर्ज पाठवायचो, दुपारी आम्ही दोघं बेसमेंटात. ह्या जुन्या बाहुल्यांची रचना मजेशीर आहे. हात आणि पाय धडाच्या आतल्या इलॅस्टिकने ओढून धरलेले असतात. ताण असेल तोवर बाहुला ताठ, इलॅस्टिक मेलं की सगळंच लुळं. दुरुस्तीसाठी डोकं आधी कोमट पाण्यात धरून मऊ करायचं, मग काढायचं, नाहीतर मान चिरते. मग धड जपून उघडायचं. बाबांनी त्यासाठी माझी स्वयंपाकघरातली सुरी नाकारली आणि जुन्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घासून पातळ केला. इलॅस्टिकसाठी कापडाच्या दुकानात गेलो. मी चपटं उचललं. बाबांनी बोटांवर ताणून बघितलं आणि परत ठेवलं. "गोल पाहिजे. चपटं पीळ खातं." दीड डॉलरचं गोल इलॅस्टिक. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, काय शिवताय? बाबा मराठीतच म्हणाले, "सरडा."

पहिल्यांदा ताण जास्त झाला. गॉर्नचे पाय पोटाशी आले, बेडकासारखे. दुसऱ्यांदा गाठ सुटली. तिसऱ्या वेळी तो चादरीवर उभा राहिला, बहुतेक चाळीसेक वर्षांत पहिल्यांदाच. बाबांनी त्याला टिचकी मारली. डुलला, पण पडला नाही.

काम करताना बाबा बोलायचे. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं, ते बघायला ते चाळीत एका घरी जायचे. गोष्ट काही कळायची नाही, इंग्रजी भरभर. "पण ते दार आपोआप उघडायचं, ते बघायला आम्ही जायचो." मी सांगितलं की ती दारं आपोआप नव्हती. मागे माणसं उभी असायची, दोरीने ओढायची. बाबांना हे फारच आवडलं. दोन दिवस आईला सांगत होते, "अगं, मागे माणूस होता!"

स्पॉकला ते "कानवाला" म्हणतात. सुलूवर मात्र थबकले. "हा जपानी मला आठवतो. गाडी चालवायचा." मी म्हटलं, हा नवा आहे. मेगोने सत्तरच्या दशकात सुलू आणि चेकॉव्ह कधी काढलेच नाहीत. २००७ नंतर डायमंड सिलेक्ट आणि एम्सी ह्या दोन कंपन्यांनी मिळून जुन्या पद्धतीचे बाहुले पुन्हा आणले, तेव्हा हे राहून गेलेलेही बनवले. खान नूनियन सिंगसुद्धा. हे खानसाहेब मालिकेत उत्तर भारतातले शीख म्हणून दाखवलेत, नाव असं, आणि काम केलं मेक्सिकन नट रिकार्डो मोंटालबान ह्यांनी. म्हणजे बघा, आपल्याकडचा जो एक माणूस त्या यानात चढला, तोही खलनायक आणि तोही परक्या चेहऱ्याचा! तरी मी तो बाहुला घेतलाच. रेट्रोमधलं मला हेच सगळ्यात आवडतं. मूळच्या कपाटात जी जागा रिकामी होती, ती नंतर येऊन भरता येते, आणि भरलेली दिसूही नये अशी भरता येते. नेमक्या त्याच मापाची, त्याच ठोकळेबाज नाकाची.

विक्रीचं आता सांगतो, कारण किमतीचा प्रश्न सगळ्यांना असतो. रेट्रो बाहुल्यांची किंमत वाढत नाही. निदान माझ्या तरी वाढल्या नाहीत. तीस-पस्तीस बाहुले काढले, बहुतेक घेतले त्याच भावात किंवा खाली गेले. पोस्टेज धरलं तर तोटाच. त्यातले काही गेलेच नाहीत. सुलू गेला नाही, खान गेला नाही, बरोबर गॉर्न गेला नाही. मँडलोरियनला एकाने चार डॉलर देऊ केले, तो मी रागाने ठेवून घेतला. सगळे मिळून अर्ध्या महिन्याचं भाडंही सुटलं नाही. ज्याला गुंतवणूक करायची आहे त्याने एफडी करावी.

मागणी आली ती चुकीच्या गॉर्नला. लिहिताना मी अडलो. संग्राहकांचा एक नियम आहे. जे बदललंय ते सांगायचं. बेल्टला लावायची पिस्तुलं नकली असतील तर तसं लिहायचं, इलॅस्टिक नवं असेल तर तेही. लिहिलं की भाव उतरतो. त्या दिवसांत वीस-तीस डॉलरसुद्धा डोळ्यांसमोर नाचायचे. मी बाबांना म्हटलं, आतलं इलॅस्टिक कोण बघतंय?

बाबा माझ्याकडे असे बघत राहिले की मी दुसरीत जाऊन आलो. "काम केलंय ना? मग लिही की. चोरून केल्यासारखं कशाला?"

लिहिलं. "आतलं इलॅस्टिक नवीन, माझ्या वडिलांनी बदललेलं, ते प्लास्टिकच्या साच्यांचे कारागीर आहेत." मिशिगनच्या एका गृहस्थांनी एकशे दहा डॉलरला घेतला. चिठ्ठीत लिहिलं होतं की इलॅस्टिक कुठलं वापरलं ते कळवा, त्यांच्याकडे अजून चार लुळे पडलेत. बाबांनी उरलेलं गोल इलॅस्टिक मोजून गॉर्नच्या डब्यातच घातलं, आणि गाठ कशी मारायची त्याचं चित्र काढून दिलं, डायच्या ड्रॉइंगसारखं, मापांसकट, मिलिमीटरमध्ये.

सत्तेचाळिसाव्या दिवशी ऑफर आली. पगार थोडा कमी, येणं-जाणं दीड तासाचं, पण कागदपत्रं वेळेत गेली. संध्याकाळी आईने शिरा केला. बायको म्हणाली, आता तो गॉर्न परत मागव. मी म्हटलं, गेला तो, पैसे आले त्याचे. कुठल्या तोंडाने मागू?

आता कपाटात बरोबर गॉर्न एकटाच आहे. हिरवा, देखणा, नव्या इलॅस्टिकचा. शेजारी एक वीतभर जागा रिकामी, तिथे मी अजून काही ठेवलेलं नाही. तसला दुसरा मिळतोय मधूनमधून, पण त्याच्या पायात बाबांची गाठ नसणार.

बाबा चिंचवडला परत गेले त्यालाही आता बरेच दिवस झाले. रविवारी व्हिडिओ कॉल असतो. तब्येत, पाऊस, पाणी कपात, शेजाऱ्यांचं पार्किंग, सगळं होतं आणि फोन ठेवता ठेवता ठरलेला प्रश्न येतो, "त्या मिशिगनवाल्याला विचारलंस का रे? ढिलं नाही ना पडलं?"

मागच्या महिन्यात एकदाचं विचारलं. त्यांनी फोटो पाठवला. कपाटात पाच जण ओळीने उभे. बाबांनी फोटो मोठा करून बघितला, बराच वेळ.

"डावीकडून दुसऱ्याचा ताण जास्त झालाय," म्हणाले. "त्याला सांग, एक सूत सोड म्हणावं."

कळावे,
आपला बेसमेंटवाला